धातूचे अब्जांश कण, कार्बनचा आधार आणि आपली भस्मे

गर्भधारणा-चाचणीच्या पट्टीवर उमटणारी तांबूस रेघ आपण वैद्य मंडळी नित्य पाहतो. बहुतेक पट्ट्यांवर ती रेघ कोणत्याही रंगद्रव्याची नसते, ती सुवर्णाची असते. साधारणपणे २० ते ४० नॅनोमीटर व्यासाच्या सुवर्णकणांवर प्रतिपिंडे चिकटविलेली असतात. मूत्रात गर्भावस्थेचे संप्रेरक असले की हे कण ठराविक रेघेवर अडकतात आणि त्यांचा लाल रंग डोळ्यांना दिसू लागतो. २०२१ साली घरोघरी वापरल्या गेलेल्या कोविडच्या प्रतिजन चाचण्यांतही बहुतांशी हीच योजना होती. म्हणजे धातूचे अब्जांश कण ही वस्तू आपल्या चिकित्सालयाच्या टेबलावर केव्हाच येऊन बसली आहे.

आता या धातूकणांना कार्बनच्या सूक्ष्म रचनांची जोड देऊन रोगनिदान, व्रणोपचार आणि अर्बुदचिकित्सा यांत त्यांचा उपयोग करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. या विषयाची ओळख वैद्यवर्गाला आणि औषधी निर्मात्यांना करून द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा एक हेतू आहे. दुसरा हेतू अधिक निकडीचा आहे. ‘भस्म म्हणजेच नॅनो औषध’ हे वाक्य परिसंवादांत, माहितीपत्रकांत आणि क्वचित वेष्टनांवरही सहजपणे वावरू लागले आहे. या संशोधनाचा आधार घेऊन ते वाक्य उच्चारता येते का, याचा विचार आपणच केला पाहिजे. बाहेरच्या कोणी तो करून दाखविला तर त्याची किंमत सर्व रसौषधींना मोजावी लागेल.

लहान झाल्यावर धातू कसा बदलतो

एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा एक अब्जांश भाग. रक्तातील तांबडी पेशी सुमारे ७,००० नॅनोमीटर रुंद असते. १ ते १०० नॅनोमीटर या टप्प्यातील कणांना सामान्यतः अब्जांश कण म्हणतात. एक सेंटिमीटर बाजूचा धातूचा घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो. तोच घन १० नॅनोमीटर बाजूच्या घनांत विभागला, तर तेवढ्याच वजनाच्या धातूचा पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. धातूची रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडत असल्यामुळे त्याची क्रियाशीलता त्या मानाने वाढते.

गुणही पालटतात. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली लंडनमध्ये सुवर्णाच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून माणकासारखा लाल द्रव मिळविला. सुवर्णाचे अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत असल्यामुळे तो रंग येतो हे त्यांनी ओळखले. त्यांच्या काही कुप्या तेथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेल्या आहेत. प्रकाशाच्या लहरीबरोबर कणाच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन एका तालात हेलकावे घेऊ लागतात आणि ठराविक रंगाचा प्रकाश शोषून घेतात. सुवर्णाचे लहान गोल कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून द्रव लाल दिसतो. कणाचा आकार बदलला, गोलाऐवजी दांडीसारखा किंवा पोकळ कवचासारखा झाला, की शोषण अवरक्त किरणांकडे सरकते. हे किरण मांसातून त्यातल्या त्यात खोलवर जातात. अर्बुद तापवून नष्ट करण्याची सगळी कल्पना या एका गोष्टीवर उभी आहे.

असे लहान कण मात्र अत्यंत अस्थिर असतात. वाढलेला पृष्ठभाग कमी करण्याकडे त्यांची प्रवृत्ती असते. संधी मिळताच ते एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि तळाशी बसतात. त्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवणारा कोणीतरी लागतो. कार्बनचे काम येथे सुरू होते.

कार्बनची रूपे

कोळसा, काजळी, ग्रॅफाइट आणि हिरा ही कार्बनची जुनी परिचित रूपे. १९८५ साली साठ अणूंचा चेंडूसारखा पोकळ रेणू सापडला, त्यास फुलरीन म्हणतात. त्याच्या शोधाबद्दल कर्ल, क्रोटो आणि स्मॉली यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९१ साली जपानमध्ये सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. २००४ साली मँचेस्टर येथे गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटचा केवळ एका अणूइतका जाड पापुद्रा सुटा केला. हेच ग्राफीन, याबद्दलचे नोबेल २०१० चे. याशिवाय प्रकाश पडला असता चमकणारे कार्बनचे ठिपके आहेत. २००७ साली ते मेणबत्तीच्या काजळीपासूनही तयार करून दाखविण्यात आले.

यांतील ग्राफीनचे एक ग्रॅम पूर्ण पसरले तर त्याचा पृष्ठभाग हिशेबाने सुमारे २,६३० चौरस मीटर भरतो. पण ते पाण्यात मिसळत नाही. म्हणून ग्रॅफाइटवर तीव्र गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट यांची क्रिया करून त्याला जागोजागी प्राणवायूचे गट जोडतात. १९५८ साली हमर्स आणि ऑफमन यांनी सांगितलेली ही कृती थोड्याफार फरकाने आजही चालते. मिळणारे ग्राफीन ऑक्साइड पाण्यात चांगले पसरते, आणि त्यावरील प्राणवायूचे गट धातूचे आयन पकडून ठेवतात.

जोडी कशी जमते

कृती ऐकण्यास सोपी आहे. ग्राफीन ऑक्साइड पसरलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण मिसळतात. रौप्याचे आयन पापुद्र्यावरील गटांना धरतात. मग सोडियम बोरोहायड्राइड, सायट्रेट यांसारखे क्षपणकारक द्रव्य घातले की जेथे आयन धरला होता तेथेच रौप्याचा कण वाढू लागतो. पापुद्र्यामुळे कण एकमेकांजवळ येत नाहीत. कण मध्ये बसल्यामुळे ग्राफीनचे पापुद्रेही पुन्हा एकमेकांवर बसून ग्रॅफाइट बनत नाहीत. दोघांचे दोष परस्परांनी आवरले जातात, हे या जोडीचे खरे मर्म आहे.

ही एक तऱ्हा झाली. दुसऱ्या तऱ्हेत धातूकण आत आणि त्यावर कार्बनचे कवच असते. लोहासारखा गंजणारा धातू त्यामुळे टिकतो आणि चुंबकाने इच्छित स्थळी ओढता येतो. तिसऱ्या तऱ्हेत धातूचा अणूच कार्बनच्या पिंजऱ्यात कोंडलेला असतो. चुंबकीय प्रतिमाचित्रणात वापरला जाणारा गॅडोलिनियम हा धातू सुटा झाल्यास विषारी ठरतो. वृक्क दुबळे असलेल्या रुग्णांत त्याच्या काही संयुगांमुळे त्वचा व सांधे आखडणारा तंतुमय विकार होतो, हे २००६ च्या सुमारास ध्यानात आले. फुलरीनच्या पिंजऱ्यात तो बंद केला तर निसटत नाही, अशा विचाराने प्राण्यांवर अभ्यास झाले आहेत.

क्षपणासाठी वनस्पतींचा रस वापरण्याची पद्धत आपल्याला जवळची वाटेल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ साली गवती चहाच्या काढ्याने सुवर्णाचे चपटे त्रिकोणी कण तयार करून दाखविले. त्याच गटाने निंबाच्या पानांच्या काढ्यानेही सुवर्ण आणि रौप्य यांचे कण मिळविले. या कामानंतर तुळस, हरिद्रा, आमलकी अशा असंख्य द्रव्यांनी धातूकण तयार केल्याचे निबंध निघाले. त्यांतील पुष्कळसे एकाच साच्यातले आहेत, हे सांगितले पाहिजे. रस बदलला, पेट्रीच्या बशीत जंतू मेले, निबंध झाला. रसातील कोणते द्रव्य कणावर चिकटून राहिले आणि दुसऱ्या हंगामातील पानांनी तोच कण मिळाला का, हे फार थोडे जण सांगतात. आणि एक गोष्ट स्पष्ट असू द्यावी. तुळशीच्या रसाने केलेला रौप्यकण म्हणजे रौप्यभस्म नव्हे. तो धातुरूप रौप्याचा कण असतो. शोधन, मारण, पुट यांतील एकही संस्कार त्यावर झालेला नसतो.

उपयोग : व्रण, उष्णता आणि मापन

रुग्णापर्यंत प्रत्यक्ष पोहोचलेला सर्वांत साधा नमुना म्हणजे रौप्ययुक्त कोळशाच्या कापडाची व्रणपट्टी. येथील कोळसा ग्राफीनसारखा नवलाईचा नाही, तो सच्छिद्र सक्रिय कोळसा आहे. पण तत्त्व तेच. कोळसा दुर्गंध आणि जंतू ओढून घेतो आणि त्यावरील रौप्य जंतूंना मारते. पाणी गाळण्याच्या यंत्रातही रौप्य बसविलेला कोळसा अनेक वर्षे वापरात आहे, कारण नुसत्या कोळशावर जंतूंची वस्ती वाढते. चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने रौप्याच्या अब्जांश कणांनी पाण्यातील एंडोसल्फान, क्लोरपायरिफॉस यांसारखी कीटकनाशके काढता येतात हे दाखविले. २००७ साली त्यावर आधारित घरगुती गाळणयंत्र बाजारात आले. ग्राफीनवर धातूकण बसवून पाण्यातील पारद काढण्याचे कामही याच गटाने पुढे केले.

रौप्य जंतूंना मारते ते मुख्यतः त्याच्या पृष्ठभागावरून सुटणाऱ्या आयनांमुळे. हे आयन जंतूच्या प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना जखडतात. ग्राफीनचा पापुद्रा जंतूला लपेटून त्याच्या आवरणाला इजा करतो, त्यामुळे थोड्या रौप्यात काम भागते. तथापि रौप्यालाही जंतू दाद देईनासे होतात. भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारे साल्मोनेला जंतू १९७५ सालीच अमेरिकेत आढळले होते.

उष्णतेच्या उपयोगाचा मुख्य आधार अवरक्त किरण. कार्बन नलिका आणि ग्राफीन हे किरण शोषून तापतात, सुवर्णकणही तापतात. २००९ साली अमेरिकेतील अर्कान्सा येथील संशोधकांनी आखूड कार्बन नलिकांवर सुवर्णाचा पातळ थर चढविला. लेझरच्या स्पंदाने त्या किंचित तापून सूक्ष्म ध्वनी करतात. त्या ध्वनीवरून उंदराच्या लसिकावाहिन्यांचे चित्र मिळाले. कल्पना देखणी आहे, पण ती उंदरापाशीच राहिली. मनुष्यावर जे पोहोचले ते निराळे : सिलिकावर सुवर्णाचे कवच असलेले कण. पौरुषग्रंथीच्या मर्यादित कर्करोगात ते शिरेतून देऊन लेझरने ग्रंथीचा रोगग्रस्त भाग तापविण्याचा १६ रुग्णांवरील अनुभव २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात कार्बन नव्हता. ग्राफीनवर किंवा कार्बन नलिकेवर धातूकण बसवून पोटात अथवा शिरेतून देण्याचे औषध म्हणून मान्यता मिळालेला एकही पदार्थ आज भारतात विक्रीस नाही. कोणी तसे सांगून काही विकू लागला तर त्याच्याकडे परवान्याची प्रत मागावी.

आमच्या मते औषधी निर्मात्यांच्या दृष्टीने या जोडीचा सर्वांत मोलाचा उपयोग मापनात आहे, आणि त्याचीच चर्चा आपल्याकडे सर्वांत कमी होते. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा अर्सेनिक आढळल्याचे तेथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून केवळ वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची चाचणी आपल्या शासनाने बंधनकारक केली. शिसे १० भाग, अर्सेनिक ३ भाग, पारद १ भाग आणि कॅडमियम ०.३ भाग प्रति दशलक्ष या मर्यादा सर्व निर्मात्यांना पाठ आहेत. अडचण येते ती प्रत्येक पोत्याची चाचणी मोठ्या प्रयोगशाळेत करवून घेण्याच्या खर्चाची आणि वेळेची.

कार्बनच्या शाईने छापलेली लहान विद्युतपट्टी आणि तिच्यावर बसविलेले धातूचे कण यांनी हीच तपासणी लहान उपकरणात होऊ शकते. द्रावणात पट्टी बुडवून तिला ऋण विद्युतदाब दिला की द्रावणातील धातू तिच्यावर साचतो. मग दाब हळूहळू उलट दिशेने नेला असता प्रत्येक धातू आपापल्या ठराविक दाबाला पुन्हा विरघळतो आणि तेवढ्या क्षणापुरता विद्युतप्रवाह उसळतो. उसळी कोणत्या दाबाला आली यावरून धातू ओळखतात, किती मोठी आली यावरून त्याचे प्रमाण. अर्सेनिक आणि पारद यांच्यासाठी सुवर्णकण बसविलेला कार्बन चांगला, शिसे आणि कॅडमियम यांच्यासाठी बिस्मथचा लेप. सुवर्णाची सबंध तार वापरण्याऐवजी अब्जांश कण वापरल्याने सुवर्ण नाममात्र लागते आणि संवेदनक्षमता वाढते.

कच्च्या मालाची प्राथमिक निवड करण्यास ही पद्धत उपयोगी आहे. प्रमाणपत्रासाठी मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील अणुशोषण अथवा प्लाझ्मा पद्धतीची तपासणीच ग्राह्य. हेही लक्षात असावे, की पट्टीला फक्त विरघळलेला धातू दिसतो. चूर्ण आधी तीव्र अम्लात बंद पात्रात पचवून घ्यावे लागते. उघड्या पात्रात तापविल्यास पारद उडून जातो आणि आकडा फसवा कमी येतो.

शरीरात गेल्यावर

औषधाचा गुण सांगताना त्याचे निर्गमन सांगणे ही आपलीच शिकवण आहे. अब्जांश कणांच्या बाबतीत तोच प्रश्न सर्वांत कठीण ठरला आहे. न विरघळणारा कण वृक्कातून गाळला जाऊन मूत्रावाटे जायचा तर तो सुमारे ५.५ नॅनोमीटरहून लहान असावा लागतो, असे २००७ सालच्या प्राणिप्रयोगात दिसले. त्याहून मोठे कण यकृत आणि प्लीहा येथील भक्षक पेशी गिळतात. उंदरांना शिरेतून दिलेले ४० नॅनोमीटरचे सुवर्णकण सहा महिन्यांनंतरही बहुतांशी यकृतातच राहिले होते. रक्तात शिरताच कणावर प्रथिनांचे वेष्टन चढते. पेशी ओळखतात ते या वेष्टनाला. त्यामुळे परीक्षानळीतील कण आणि शरीरातील कण एक राहत नाही.

कार्बनची निराळी चिंता आहे. लांब, ताठ, अनेक पदरी कार्बन नलिका उंदरांच्या उदरपोकळीत सोडल्या असता अॅस्बेस्टॉसच्या तंतूंप्रमाणे दाह आणि गाठी निर्माण होतात, हे २००८ साली दाखविले गेले. अशाच एका प्रकारच्या नलिकेला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या वर्गात टाकले. आखूड आणि पृष्ठभागावर संस्कार केलेल्या नलिकांचे वर्तन सौम्य असते. आपल्या श्वेतपेशींतील एक प्रकिण्व त्यांचे विघटन करू शकते, हे २०१० साली सिद्ध झाले. म्हणजे ‘कार्बन नलिका विषारी की निर्विष’ हा प्रश्न असा विचारताच येत नाही. कोणती, किती लांबीची, कोणत्या मार्गाने, असे विचारावे लागते. त्यात आणखी एक खोच आहे. या नलिका तयार करताना लोह, कोबाल्ट, निकेल हे धातू उत्प्रेरक म्हणून वापरतात आणि त्यांचे अंश आत राहतात. पुष्कळ वेळा नलिकेच्या माथी मारलेले विष प्रत्यक्षात या अवशिष्ट धातूंचे होते. अम्लाने त्यांचे शोधन केल्यावर परिणाम बदलले.

रौप्याच्या बाबतीत इशारा जुना आहे. ‘कोलॉइडल सिल्व्हर’ दीर्घकाळ प्यायल्याने त्वचा कायमची करडी-निळी पडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ साली विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या अशा औषधांना सुरक्षित वा गुणकारी मानण्यास नकार दिला. आपल्याकडेही असे पाणी ‘नॅनो रौप्य’ म्हणून विचारले जाते. रुग्णाने विचारल्यास ते पिऊ नये असे निःसंदिग्ध सांगावे.

आता भस्मांविषयी

भस्मांत अब्जांश कण असतात का? काहींत असतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००९ साली जसद भस्माचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्राणवायूचे प्रमाण किंचित कमी असलेल्या झिंक ऑक्साइडचे अब्जांश कण आढळले. सुवर्णभस्माच्या एका नमुन्यात ५६-५७ नॅनोमीटरचे कण असल्याचे २००७ साली एका ऑस्ट्रेलियन गटाने लिहिले. हे निष्कर्ष आनंदाने स्वीकारावेत. मात्र ते त्या त्या नमुन्यांचे आहेत, ‘भस्म’ या सबंध वर्गाचे नव्हेत.

शिवाय आकड्याचा अर्थ नीट लावावा लागतो. क्ष-किरण विवर्तनाने मिळणारा आकडा हा स्फटिकाच्या एका दाण्याचा असतो. अनेक दाणे चिकटून झालेला प्रत्यक्ष कण त्याच्या शेकडोपट मोठा असू शकतो. राजगिऱ्याचा दाणा लहान म्हणून लाडू लहान होत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात दाण्याचे माप असते आणि रुग्ण गिळतो तो लाडू. तो लाडू आमाशयातील अम्लात फुटतो का, विरघळतो का, की तसाच पुढे जातो, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी निराळी परीक्षा लागते.

आपल्या परंपरेतील परीक्षांचे मोल यामुळे कमी होत नाही, पण त्या काय सांगतात ते ध्यानात घ्यावे. रेखापूर्णत्व म्हणजे चूर्ण बोटांच्या रेषांत भरते. त्या रेषांच्या मानाने काही दशांश मायक्रोमीटरचा कण आणि काही मायक्रोमीटरचा कण सारखेच. वारितरत्व पाण्याच्या पृष्ठताणावर आणि चूर्णाच्या ओलेपणावरही अवलंबून असते. निश्चंद्रत्व, अपुनर्भव आणि निरुत्थ या परीक्षा धातुरूप शिल्लक आहे का, याची उत्तम चौकशी करतात. अब्जांश आकाराची चौकशी यांपैकी कोणतीही करीत नाही, आणि शास्त्रकारांनी तसा दावाही केलेला नाही.

हा दावा आजचा आहे. त्याला जोडून कार्बनचा नवा दावाही ऐकू येऊ लागला आहे : भावनेचा वनस्पतिरस शरावसंपुटात जळतो, म्हणजे कार्बन होतो, म्हणजे भस्म हे ‘धातू-कार्बन नॅनो संयुग’ होय. बंद संपुटात रस प्रथम कोळसतो हे खरे. पुढे तो कोळसा उरतो की जळून जातो, हे संधिबंधन किती घट्ट होते, उष्णता किती काळ राहिली आणि पुटे किती झाली यांवर ठरते. उरला तरी तो ग्राफीन असण्याचे काही कारण नाही. काळा रंग हा तर मुळीच पुरावा नव्हे. कज्जलीचा काळा रंग पारद आणि गंधक यांच्या संयुगाचा असतो. नाव काजळावरून आले तरी तीत काजळी नाही. तेच संयुग स्फटिकाची घडण बदलून रससिंदूरात लाल होते. कार्बन आहे की नाही हे ठरविण्यासाठी रामन वर्णपटाची तपासणी करावी लागते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली शोधलेल्या परिणामावरच ती आधारलेली आहे.

येथे एक दाखला आठवतो. दख्खन आणि दक्षिण भारतातील उक्कू पोलादापासून घडविल्या जाणाऱ्या दमास्कस तलवारींपैकी सतराव्या शतकातील एका तलवारीत कार्बनच्या नलिका आढळल्याचे जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केले. बातमी आपल्याकडे मोठ्या अभिमानाने छापली गेली. लोहाराला नलिका ठाऊक नव्हत्या, त्याला पाते ठाऊक होते. पात्याची परीक्षा त्याने धारेवर केली आणि ती पुरेशी होती. आपल्या औषधाची धार रुग्णाच्या गुणावर आणि निरुपद्रवित्वावर ठरते. ‘नॅनो’ शब्दाने ती वाढत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार आयुर्वेदीय औषध, मग ते शास्त्रोक्त असो वा स्वामित्वाचे, अधिकृत ग्रंथांतील द्रव्यांचेच असावे लागते. ग्राफीन किंवा कार्बन नलिका घालून केलेल्या पदार्थास आयुर्वेदीय औषधाचा परवाना मिळू शकत नाही. सूचीवेधाने देण्याचे औषधही स्वामित्वाच्या वर्गात बसत नाही. दुसरीकडे, अब्जांश औषधांच्या मूल्यमापनासाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्यांत कणाचा आकार, पृष्ठभार, स्थैर्य, शरीरातील वितरण आणि विषपरीक्षा यांची स्वतंत्र माहिती अपेक्षित आहे. वेष्टनावर ‘नॅनो’ छापणाऱ्या निर्मात्याकडे उद्या कोणी हीच माहिती मागितली तर तो काय दाखविणार? ज्याच्याजवळ ती नाही त्याने तो शब्द छापू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्यांना आपल्या भस्माविषयी खरोखरच जाणून घ्यावयाचे आहे, त्यांनी एकाच घाण्याचा नमुना पाठवून थांबू नये. त्याच कृतीचे निदान तीन निरनिराळे घाणे पाठवावेत, आणि सोबत पुटांची संख्या, गोवऱ्यांचे वजन व भावनाद्रव्य यांची नोंद जोडावी. नमुना कोरड्या काचेच्या बाटलीत घट्ट बुचाने द्यावा. कागदी पुडीत ओल शिरते आणि कण चिकटतात. प्रयोगशाळेकडे विवर्तनाबरोबर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रेही मागावीत. कणमापनासाठी चूर्ण कोणत्या द्रवात आणि किती वेळ ध्वनिकंपनाने पसरविले, हे अहवालात लिहून घ्यावे. त्यावाचून तो आकडा दुसऱ्या आकड्याशी ताडता येत नाही. प्रत्येक घाण्यातील थोडा भाग मोहोरबंद करून औषधाची मुदत संपेपर्यंत आपल्याजवळ ठेवावा.

आणि खलात भस्म घोटणाऱ्या, चाळणाऱ्या, कुप्या भरणाऱ्या कामगारांच्या नाकातोंडावर पातळ फडके बांधलेले असेल तर ते काढून सूक्ष्म धूळ अडविणारे मुखपट द्यावेत. चूर्ण जितके बारीक तितके ते फुफ्फुसात खोल जाते. चाळणीची जागा पंख्याच्या वाऱ्यात नसावी, आणि जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.